ख्मेर लोकांचे फोटो काढायला निघालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात फोटोग्राफी शिकवतो आणि जमेल तेव्हा कंबोडियाला जातो. गणपती उठले की मला मेसेज यायला लागतात, "दिवाळीच्या सुट्टीत अंगकोरला चाललोय, काही टिप्स?" देवळांवर टिप्स देणारे पुष्कळ आहेत, मी त्यातला नाही. पण त्याच मेसेजच्या खाली हळूच आणखी काहीतरी विचारलेलं असतं. तिथल्या माणसांचे फोटो काढलेले चालतात का, भिक्खू रागावतात का, त्या कवट्यांच्या ठिकाणी कॅमेरा नेऊ देतात का. हे पान त्या खालच्या प्रश्नांसाठी.

ख्मेर म्हणजेच कंबोडियन का?

बहुतेक वेळा हो, पण अगदी तसंच नाही. ख्मेर हे लोकांचं नाव आणि भाषेचंही. कंबोडियात दहातले नऊ जण ख्मेर. बाकीच्यांत चाम मुसलमान, व्हिएतनामी आणि चिनी वंशाचे लोक, रतनकिरी-मोंडुलकिरीच्या डोंगरातल्या जमाती. उलट थायलंडच्या सुरिन-बुरीराम भागात आणि व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाकडे ख्मेर बोलणारे लाखो लोक पिढ्यानपिढ्या राहतात. अमेरिकेत लाँग बीच आणि लोवेल या शहरांत १९७९ नंतर गेलेल्या निर्वासितांच्या मोठ्या वस्त्या आहेत. 'ख्मेर आयुष्य' टिपायचं तर ते एका देशाच्या नकाशात मावत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

भाषा येत नाही. अडेल का?

अडेल, पण वाटतं त्यापेक्षा कमी. फोटो काढणे याला ख्मेरमध्ये 'थत रूप' म्हणतात. त्यातलं 'रूप' म्हणजे आपलंच रूप. 'सोम थत रूप बान ते?' एवढं पाठ करा. अर्थ, फोटो काढू शकतो का? 'बान' म्हणजे हो, 'ओत ते' म्हणजे नाही. नाही म्हणताना माणसं बहुधा हसतात आणि मान वळवतात, ते हसू परवानगी समजू नका. आभाराला 'ओर-कुन', त्यातलं 'कुन' म्हणजे गुण. गुरूला 'क्रू', भाषेला 'फिएसा', बाईला 'स्रेई', आणि हो, ती आपली स्त्रीच. अंगकोर हा शब्दसुद्धा 'नगर'वरून आलेला. मराठी माणसाचे कान दोन दिवसांत सरावतात.

याहून महत्त्वाचं म्हणजे हाक कशी मारायची. नावाने नाही, नात्याने. आपल्यापेक्षा थोडा मोठा तो किंवा ती 'बाँग', म्हणजे दादा किंवा ताई. आईच्या वयाची बाई 'मिंग', आजी 'येय', आजोबा 'ता'. भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. दोन्ही हात जोडून केलेल्या नमस्काराला 'संपेअ' म्हणतात, आणि समोरचा जितका मानाचा तितके हात वर जातात. बरोबरीच्याला छातीशी, आईवडिलांना आणि शिक्षकांना नाकाशी, भिक्खूंना भुवयांपर्यंत. कॅमेरा गळ्यात आणि दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय संपेअ नीट होत नाही. मी छोटा पट्टा सोडून लांब पट्टा घेतला तो याच कारणाने.

विचारून काढला की सगळे ताठ उभे राहतात. मग 'नॅचरल' फोटो कसा मिळणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि माझं उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक नाराज होतात. तो ताठ फोटो आधी काढा. नीट, मन लावून.

आपण 'नॅचरल' म्हणतो तेव्हा मनात एक साचा असतो. सुरकुत्या, बाजूने येणारा उजेड, माणसाचं लक्ष दुसरीकडे. ख्मेर खेड्यातल्या आजीच्या मनातला फोटो असा नसतो. तिला समोर बघायचं असतं, दोन्ही हात मांडीवर, मळका ब्लाउज बदलून, जमलं तर नातवंडासकट. माझी आजीसुद्धा सांगलीच्या स्टुडिओत अशीच बसायची. ती कृत्रिम आहे असं मला कधी वाटलं नाही.

तर तो काढायचा, छापून द्यायचा, आणि मग तिथेच रेंगाळायचं. एकदा फोटो हातात पडला की तुमचं काम झालं असं घरचे धरून चालतात आणि आपापल्या उद्योगाला लागतात. कोणी मासे साफ करतं, कोणी झोळीत झोपतं, कोणी मोटारसायकल धुतं. तुम्हाला हवे असलेले फोटो त्यानंतर मिळतात. पण खरं सांगायचं तर माझ्याकडचे जे फोटो दहा वर्षांनीही बघावेसे वाटतात, त्यातले निम्मे ते ताठ बसलेलेच आहेत.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. एप्रिलमध्ये भाजून निघाल, पण १३-१४ एप्रिलच्या आसपास ख्मेर नववर्ष असतं आणि सगळा देश गावाला गेलेला असतो. राजधानी नॉम पेन्हचे रस्ते ओस, गावं भरलेली. सूर्य मेषेत जातो तो हा दिवस, त्याला ते 'संक्रान'ही म्हणतात.

ख्मेर पंचांग एकदा हातात घेऊन बघाच. चेत, पिसाक, चेस, आसाथ, स्राप, फोत्रोबोत... म्हणत जा, आपोआप कळेल. कार्तिक पौर्णिमेच्या सुमाराला, त्यांच्या 'कादक' महिन्यात, जलोत्सव असतो आणि नॉम पेन्हला लांबलचक होड्यांच्या शर्यती लागतात. त्याच सुमाराला तोन्ले साप नदी दिशा बदलते. पावसाळ्यात मेकाँगचं पाणी इतकं चढतं की ही नदी उलटी वाहून तोन्ले साप याच नावाचं तळं भरते. तळं चार-पाच पटीने फुगतं, आणि पाऊस सरला की पाणी परत समुद्राकडे निघतं.

पण मला एकच वेळ निवडायला सांगितली, तर मी भाद्रपदाचा वद्य पक्ष सांगेन.

भाद्रपदात काय असतं?

पितृपक्ष. शब्दशः. त्याला ते 'पचुम बेन' म्हणतात आणि 'बेन' म्हणजे पिंड. फोत्रोबोत महिन्याचे कृष्णपक्षाचे पंधरा दिवस, म्हणजे आपल्याकडे सर्वपित्री अमावस्येला संपतात तेच. त्यांचा अधिक महिना आपल्यापेक्षा वेगळ्या हिशेबाने येतो, म्हणून तारखा दरवर्षी तपासून घ्या. पण २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी दोन्ही पंचांगं जुळली होती.

श्रद्धा अशी, की या पंधरवड्यात नरकाची दारं उघडतात आणि भुकेले पूर्वज, 'प्रेत', आपले नातलग शोधत विहाराविहारांतून फिरतात. सात विहार धुंडाळूनही कुणी घास ठेवलेला दिसला नाही तर ते शाप देतात. म्हणून पहाटे चारच्या सुमाराला बायका-पुरुष चिकट भाताचे तीळ लावलेले गोळे घेऊन विहाराभोवती प्रदक्षिणा घालतात आणि अंधारात ते गोळे भिरकावतात. दिवसा भिक्खूंना जेवण आणि घरातल्या मृतांच्या नावांची यादी देतात. ती नावं वाचली जातात.

आता हे लक्षात घ्या. १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत देशातल्या सुमारे ७५ ते ८० लाख लोकांपैकी १७ ते २२ लाख मेले. उपासमारीने, आजाराने, अतिश्रमाने, हत्येने. चारातला एक म्हणा. भिक्खूंची चीवरं उतरवली, विहारांची गोदामं आणि तुरुंग झाले. मेलेल्यांचे विधी झाले नाहीत. बहुतेकांना घरच्या माणसाची मृत्यूची तारीख माहीत नाही, जागाही माहीत नाही. आपल्याकडे तिथी ठाऊक नसलेल्याचं श्राद्ध सर्वपित्रीला घालतात. तिथे जवळजवळ प्रत्येक घराकडे असा एखादा माणूस आहे. पचुम बेनच्या गर्दीत, नटूनथटून आलेल्या बायकांत, डब्यांच्या खणखणाटात हे कुणी बोलून दाखवत नाही. यादी वाचली जाते तेव्हा कळतं.

मग पहाटेच्या त्या विधीचे फोटो काढले तर चालतं?

फ्लॅश न वापरता, आणि आधी आचाराला विचारून. 'आचार' म्हणजे विहारातले विधी चालवणारा गृहस्थ, आपला आचार्य.

फ्लॅशचं मी स्वतः भोगलंय. पहिल्या वर्षी माझ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चुकून उडाला. एक म्हातारे आचार शांतपणे आले, त्यांनी फ्लॅशवर आपला तळवा ठेवला आणि तसेच उभे राहिले. ओरडले नाहीत की काही नाही. मला वाटलं, गर्दीला त्रास होतोय म्हणून. सकाळी चहावर एकाने समजावलं. प्रेतांना उजेड सोसत नाही, म्हणूनच तर हे सगळं उजाडायच्या आत करायचं. मी कुणाच्या तरी उपाशी बापाला हाकलत होतो.

मेणबत्त्या, उदबत्त्या आणि कुणाच्या तरी मोबाइलची बॅटरी एवढाच प्रकाश असतो. ३५ मिमीची १.८ ची लेन्स, आयएसओ ६४०० किंवा वर, शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास. हलेल. हलू द्या. भाताचे गोळे फेकणारा हात हललेलाच चांगला दिसतो.

भिक्खूंचे फोटो?

सकाळी भिक्षेच्या फेरीला निघालेले भगव्या चीवरातले भिक्खू दिसले की सगळ्यांचे कॅमेरे वर जातात. त्यांच्या वाटेत उलटं चालत फोटो काढू नका. रस्त्याच्या कडेला, शक्यतो त्यांच्यापेक्षा खाली, बसा. बायकांनी भिक्खूला स्पर्श करायचा नाही, वस्तूही थेट हातात द्यायची नाही. दुपारनंतर ते जेवत नाहीत, त्यामुळे बारानंतर खाऊ देऊ नका. विहारात डोक्याचे केस काढलेल्या, पांढऱ्या कपड्यातल्या म्हाताऱ्या बायका दिसतील. बऱ्याच जणी विधवा असतात, उतारवयात इथे येऊन राहिलेल्या. त्यांच्याकडे कुणी कॅमेरा वळवत नाही, आणि गप्पा मारायला त्यांच्याइतकं मोकळं कुणी नसतं.

देवळांच्या खिडकीत छत्री धरून बसायला भिक्खूला पैसे देणारे फोटोग्राफर मी पाहिलेत. ते फोटो सगळे एकसारखे दिसतात.

घराबाहेर, झाडाखाली छोटी देवळं दिसतात. ती बौद्ध आहेत का?

ती 'नेक ता'ची असतील. आपल्या म्हसोबाची, वेशीवरच्या देवाची आठवण यावी असं हे प्रकरण आहे. गावाचा राखणदार, कधी दगड, कधी वारुळ, कधी जुन्या देवळातून आणलेलं मुंडकं नसलेलं शिल्प. त्याला सिगारेट, दारू, कोंबडी चालते. माणसं विहारातही जातात आणि याच्याकडेही, कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. अंगकोर वाटच्या पश्चिम दारात आठ हातांचा विष्णू उभा आहे. त्याला पिवळं वस्त्र नेसवलेलं असतं आणि लोक त्याला 'ता रीच' म्हणून नवस बोलतात. पर्यटक सूर्योदयाच्या नादात त्याच्या शेजारून धावत जातात. मी म्हणेन सूर्योदय सोडा, सकाळी तासभर ता रीचच्या कोपऱ्यात उभे राहा. परीक्षेला बसणारी मुलं, नवी नवरी, लॉटरीवाला, सगळे येतात.

अंगकोरमध्ये देवळांशिवाय काही मिळेल का?

भरपूर. पास एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सातचा ७२. सातचा घ्या. आधी बायोन देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरची दक्षिणेकडची शिल्पपट्टी बघा. सातवा जयवर्मन राजा म्हणजे बारावं शतक सरतानाचा काळ, आणि भिंतीवर कोंबड्यांची झुंज, तराजू घेतलेली बाजारातली बाई, बाळंतपण, होडीखालचे मासे, रटरटणारी हंडी. नंतर सकाळी सहाला शेजारच्या सिएम रीप शहरातल्या प्सार लू बाजारात जा. तराजू बदललाय, बाई तीच. 'प्सार' हा आपला बाजारच. आंबवलेल्या माशांच्या प्रहोकचा वास अंगावर येईल, त्याला पर्याय नाही. आपल्या सुकटीच्या बाजारात वाढलेल्यांना तो घरचा वाटेल.

प्रकाशाचं म्हणाल तर अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. सकाळी नुसती काळी आकृती मिळते, दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येतं. समुद्रमंथनाची प्रसिद्ध शिल्पपट्टी मात्र पूर्वेच्या ओवरीत आहे, तिला सकाळ हवी.

आणि एक. या संरक्षित परिसरात पिढ्यानपिढ्या गावं आहेत. २०२२ पासून इथल्या हजारो कुटुंबांना रुन ता एक नावाच्या नव्या वसाहतीत हलवलं गेलं. सरकार म्हणतं स्वखुशीने, मानवाधिकार संघटना म्हणतात दबावाने. देवळाच्या सावलीतली टपरी तुम्हाला फ्रेममध्ये 'गोड' वाटत असेल तर ती पुढच्या खेपेला तिथे असेलच असं नाही. त्या बाईला पुढे कुठे जाणार हे विचारायला हरकत नाही, पण उत्तर द्यायचं की नाही हे तिच्यावर सोडा, आणि दिलं तर ते तिच्या चेहऱ्यासकट इंटरनेटवर टाकू नका.

तोन्ले साप तळ्यातल्या तरंगत्या गावांत बोटीने जाऊन फोटो काढावेत का?

मी जात नाही. दाराशी भांडी घासणाऱ्या बाईच्या समोरून दिवसाला पन्नास बोटी जाणार, आणि प्रत्येकीत दहा कॅमेरे. त्यातली कित्येक कुटुंबं व्हिएतनामी वंशाची, नागरिकत्वाची कागदपत्रं नसलेली आहेत. नको म्हणायला जागा नसलेला माणूस हो म्हणाला, तर त्या होकाराचं करायचं काय? उंच खांबांवरच्या घरांचं काम्पोंग ख्लेआंग जरा बरं, तिथे पायी फिरता येतं आणि कुणाच्या तरी ओसरीवर बसता येतं.

लहान मुलांचे?

आईबापासमोर, त्यांना विचारून. अनाथाश्रमात तर अजिबात नाही. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांमुळे ती मुलं तिथे राहतात. शाळा चालू असताना वर्गात शिरू नका. पुण्यातल्या शाळेत तुम्हाला कोण शिरू देईल?

लग्नाचा मांडव दिसला तर आत जाऊ का?

जा. रस्त्यावर गुलाबी मांडव, पहाटेपासून कर्णे, फळांची तबकं घेऊन जोडीजोडीने निघालेली वरात, केस कापायचा विधी, आणि नवरा-नवरीचे इतके पोशाख की मोजदाद सुटते. पारंपरिक 'संपोत चांग क्बेन' मागे कासोटा घालून नेसतात. नऊवारी नेसणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने ते बघून भर मांडवात नवरीच्या मावशीला निऱ्यांचं प्रात्यक्षिक दिलं, आणि त्यानंतर आम्हाला कुणी उठू देईना. पाकिटात पैसे घालून द्या, जेवून जा.

तुओल स्लेंग आणि चोउंग एकला कॅमेरा नेता येतो का?

येतो. आत काही ठिकाणी मनाई आहे, पाट्या आहेत, त्या पाळा. पण खरा प्रश्न नेता येतो का हा नाहीच.

तुओल स्लेंग ही नॉम पेन्हमधली एक शाळा होती. ख्मेर रूजने तिचा 'एस-२१' नावाचा तुरुंग केला. किमान १४ हजार, कदाचित १८ हजारांहून जास्त माणसं इथे आणली गेली, छळ करून कबुलीजबाब लिहून घेतले गेले, आणि बहुतेकांना शहराबाहेर चोउंग एकला नेऊन मारलं गेलं. वाचलेले बोटांवर मोजण्याइतके. आल्या आल्या प्रत्येकाचा फोटो काढला जाई. डोळ्यांवरची पट्टी सोडायची, समोर बघ म्हणायचं, क्लिक. या विभागाचा प्रमुख न्हेम एन हा पोरसवदा होता आणि त्याला फोटोग्राफीच्या शिक्षणासाठी चीनला पाठवलेलं होतं. तांत्रिकदृष्ट्या फोटो उत्तम आहेत. फोकस अचूक, प्रकाश सम, पार्श्वभूमी साधी. मी विद्यार्थ्यांना पोर्ट्रेट शिकवताना जे सांगतो ते सगळं त्यात आहे. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बाहेर अंगणात येऊन बसलो.

म्हणून इथे भिंतीवरच्या चेहऱ्यांचे फोटो काढताना जरा थांबा. त्यांनी एकदा परवानगीशिवाय लेन्सकडे बघितलेलं आहे. झोपलेलं बाळ घेतलेली एक आई आहे. तिच्यासमोर सेल्फी काढणारी माणसं मी पाहिली, आणि मोबाइल खिशात घालून नुसतं उभं राहिलेलीही.

यावरचे वाद जुने आहेत. १९९३-९४ मध्ये दोन अमेरिकी फोटोग्राफरांनी तिथल्या हजारो निगेटिव्ह साफ करून त्यांचे प्रिंट काढले. ते काम झालं नसतं तर त्या बुरशीने संपल्या असत्या. पण त्यातलेच २२ फोटो १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लागले आणि लोक संतापले, ही काय कलाकृती आहे? २००९ मध्ये हा संग्रह युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत गेला. आणि २०२१ मध्ये एका आयरिश माणसाने हे फोटो रंगवले आणि काही चेहऱ्यांवर चक्क हसू आणलं. मेलेल्यांचे नातलग आणि कंबोडियाचं सांस्कृतिक खातं दोघेही खवळले, आणि छापणाऱ्यांना लेख मागे घ्यावा लागला. तुओल स्लेंगच्या आवारात हसऱ्या चेहऱ्यावर लाल फुली मारलेली एक पाटी आहे, इथे हसू नका. ती पाहुण्यांसाठी आहे, असं आपण समजत होतो.

चोउंग एकला स्तूपात ५ हजारांहून जास्त कवट्या आहेत. काचेला लेन्स टेकवून कवट्यांचा क्लोज-अप काढू नका. पावसाळ्यात पायवाटेवर अजून कपड्यांच्या चिंध्या वर येतात. खाली बघून चाला.

एक योगायोग सांगून ठेवतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात शिवरायांचे किल्ले जागतिक वारसा झाले, त्याच अधिवेशनात तुओल स्लेंग, चोउंग एक आणि एम-१३ हा आणखी एक जुना तुरुंग यांचीही त्या यादीत नोंद झाली. आपण इथे पेढे वाटले. तिथे पेढे वाटायचे नव्हते.

वाचलेल्या म्हाताऱ्यांना भेटून त्यांचे फोटो आणि आठवणी घ्यायच्या आहेत. सुरुवात कुठून करू?

नॉम पेन्हमधल्या बोफाना केंद्रापासून. सिनेदिग्दर्शक रिथी पान यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे दृक्‌श्राव्य संग्रहालय आहे, आणि एस-२१ मध्ये मारल्या गेलेल्या एका तरुणीचं नाव त्याला दिलंय. तिथे बसून जुनी चित्रफीत बघता येते. कागदपत्रांसाठी कंबोडिया दस्तऐवज केंद्र आहे. काय काय आधीच विचारून झालंय हे कळलं, की तेच प्रश्न घेऊन पुन्हा एखाद्या आजीच्या दारात जावं लागत नाही.

गावात गेलात तर "तुमचं कोण कोण गेलं?" असं सुरू करू नका. एकाच गल्लीत मारणाऱ्यांची आणि मेलेल्यांची घरं असतात, आणि दोघांची नातवंडं एकाच शाळेत जातात. दुभाषा गावातलाच असेल तर तो कुणाच्या घरातला आहे हे आधी बघा. मी एकदा नाही बघितलं. बाई अर्धा तास फक्त पावसाबद्दल बोलली.

वस्तूंपासून सुरू करा. किम हाक हा १९८१ मध्ये, म्हणजे राजवट पडल्यावर जन्मलेला फोटोग्राफर, लोकांनी त्या काळात लपवून जपलेल्या वस्तूंचे फोटो काढतो. किटली, कपडा, जमिनीत पुरून ठेवलेला कुटुंबाचा फोटो. जुना फोटो सापडणं म्हणजे जिवावर बेतायचं, कारण त्यातल्या कपड्यांवरून तुम्ही शहरी, शिकलेले हे कळे. म्हणून कितीतरी घरांनी फोटो स्वतःच जाळले. आज त्या घरांत मेलेल्याचा एकही चेहरा नाही.

तुम्ही उपयोगी पडू शकता ते इथे. कुणी बुरशी लागलेला, अर्धा फाटलेला फोटो काढून दाखवला तर मुलाखत बाजूला ठेवा. सावलीत नेऊन सरळ वरून, सपाट प्रकाशात त्याची नक्कल काढा आणि मोठा प्रिंट करून आणून द्या. पुढची भेट बहुधा तेच ठरवतात.

तिथल्या फोटोग्राफरांचं काम कुठे बघू?

माक रेमिस्सा यांचं बघा. १९७५ मध्ये ख्मेर रूजने नॉम पेन्ह रिकामं केलं तेव्हा ते पाच वर्षांचे होते. त्यांनी तो प्रसंग कागदाच्या कात्रणांतून आणि धुरातून उभा केलाय, कारण त्या दिवसाचे त्यांच्या घरचे फोटो कुठून असणार? वांडी रत्ताना यांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या अमेरिकी बाँबच्या खड्ड्यांची झालेली तळी टिपली, हिरवीगार, शांत. सिएम रीपला २००५ पासून अंगकोर फोटो महोत्सव भरतो आणि आशियातल्या नवोदितांसाठी त्यांच्या कार्यशाळेला फी नसते. अर्ज करा, आपल्याकडचे फार थोडे करतात.

क्रामा गळ्यात घालावा का?

चौकड्यांचा सुती पंचा, टॉवेल, झोळी, पागोटं, सगळं काही. २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशात गेला. तुम्ही खुशाल घाला, उन्हात उपयोगी आहे. फक्त फोटोसाठी म्हणून एखाद्या म्हाताऱ्याला लाल क्रामा बांधायला सांगू नका. ख्मेर रूजच्या सैनिकांच्या गळ्यात तो असे.

पैसे द्यावेत का?

फोटोचे नाही. विकायला बसलेल्याकडून काहीतरी घ्या. विहाराच्या पेटीत टाका.

कायदा आणि सुरक्षितता?

अंगकोरला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, परवानगीशिवाय ड्रोन नाही. घरोघरी राजाचे फोटो असतात, त्यांची थट्टा करणारी फ्रेम करू नका, २०१८ पासून राजद्रोहाचा कायदा आहे. थायलंडच्या सीमेवर २०२५ मध्ये लढाई झाली, तिकडची देवळं गाठायच्या आधी परिस्थिती तपासा. वायव्येकडच्या शेतांत लाल पाटीवर कवटी दिसली तर ती सुरुंगाची खूण. चांगल्या अँगलसाठी बांध सोडून खाली उतरू नका. हे अतिशयोक्तीने सांगत नाही.

कॅमेरा कोणता?

आहे तो. उरलेल्या पैशात खिशात मावणारा प्रिंटर घ्या.

मोठे प्रिंट तिथे मिळतात का? पोचवायचे कसे?

तालुक्याच्या बाजारात एखादं तरी फोटो दुकान असतंच. मोबाइलवरून छापतात, लॅमिनेट करतात, हवं तर मागे हिरवळ नाही तर अंगकोर वाट लावून देतात. फाइल टेलिग्रामवर पाठवायची, तिथे सगळे तेच वापरतात. गावात पत्ता नसतो, त्यामुळे प्रिंट विहारात आचाराकडे ठेवा. ज्याचा आहे त्याला पोचतो.

बात्तंबांगजवळच्या एका येयला मी असाच एकदा तिचा फोटो दिला. तिने तो बघितला, बाजूला ठेवला आणि विचारलं, नवऱ्याचा काढून देशील का? नवरा १९७७ मध्ये गेलेला, फोटो एकही नाही. पण त्याचा धाकटा भाऊ जिवंत होता आणि दोघं सारखे दिसायचे म्हणे. मग भावाचा फोटो काढून आम्ही तिघं दुकानात गेलो. पोऱ्याने कॉम्प्युटरवर सुरकुत्या काढल्या, केस काळे केले, पांढरा शर्ट घातला, आणि सवयीने ओठांचे कोपरे जरा वर उचलले. येय काठी टेकत पडद्याजवळ गेली. म्हणाली, ते खाली कर, हे इतके हसायचे नाहीत.

दोन-तीनदा खालीवर झालं तेव्हा तिचं समाधान झालं. लॅमिनेशन गार व्हायला दहा मिनिटं लागतात, तेवढं थांबा. गरम असताना गुंडाळलं तर वाकतं.